यार्ड: एका काठीची आणि एका कुंपणाची कहाणी

१/
क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. पुण्यात भाजीपाला मार्केट यार्डात उतरतो. मुंबईच्या हार्बर मार्गावर डॉकयार्ड रोड नावाचे स्थानक आहे. लंडनच्या पोलिसांना जग स्कॉटलंड यार्ड म्हणते. शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात तो लांबी सांगतो आणि उरलेल्या तिन्हींत जागा. हे कसे घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंग्लंडच्या राजांपासून आपल्या सातबाऱ्यापर्यंत जावे लागते.

२/
पहिली गोष्ट ही, की हे दोन 'यार्ड' मुळात एक शब्दच नाहीत. जुन्या इंग्रजीत 'गिअर्ड' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ काठी, छडी, झाडाची सरळ फांदी. त्याच्याशी मिळताजुळता पण वेगळ्या मूळाचा दुसरा शब्द होता. त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, आवार. शतकानुशतके उच्चार झिजत गेले आणि दोन्ही शब्द एकाच रूपात येऊन मिळाले. आज शब्दकोशात ते शेजारी शेजारी राहतात, पण नात्याने परके आहेत.

३/
आधी कुंपणाची गोष्ट, कारण ती थोडक्यात सांगता येते. आवार या अर्थाच्या 'यार्ड'चे गणगोत फार मोठे आहे. 'गार्डन' हा त्याचाच भाऊ. फक्त तो जर्मानिक बोलीतून फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत परत आला. फळबागेसाठी असलेल्या 'ऑर्चर्ड' या शब्दाच्या शेवटी हेच 'यार्ड' दडले आहे. नॉर्स पुराणकथांतील देवांचे नगर आस्गार्ड आणि माणसांचे जग मिडगार्ड यांतही तेच. लेनिनग्राड, स्टालिनग्राड यांतील 'ग्राड' म्हणजे नगर, हे त्याचे स्लाव्ह भाषांतील नातलग. संस्कृत 'गृह' शब्दाचे नातेही भाषाभ्यासक याच कुळाशी जोडतात.

४/
कुंपणातून घर, घरातून बाग, बागेतून नगर: हा प्रवास मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. संस्कृतात 'वाट' या शब्दाचा एक अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे. त्याच कुळातून 'वाटिका' आली, आपला वाडा आला, वाडी आली. गुरांचे वाडगे, पेशव्यांचा शनिवारवाडा, कोकणातील नारळी-पोफळीची वाडी आणि सावंतवाडीसारखे संस्थान, ही सगळी एका कुंपणाची वाढलेली लेकरे. इंग्रजीत 'यार्ड'ने जे केले, ते मराठीत 'वाड्या'ने केले.

५/
स्कॉटलंड यार्डचे गूढही इथेच सुटते. १८२९ मध्ये लंडन महानगर पोलीस दल स्थापन झाले, तेव्हा त्याचे कार्यालय व्हाइटहॉल प्लेस येथे होते. त्या इमारतीचे मागचे दार 'ग्रेट स्कॉटलंड यार्ड' या रस्त्यावर उघडत असे. लोक मागच्या दाराने ये-जा करत, आणि दाराचे नाव दलाला चिकटले. नंतर कार्यालये अनेकदा हलली, नाव मात्र हलले नाही.

६/
आता काठीकडे वळू, कारण खरा इतिहास तिथे आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा इने याने केलेल्या कायद्यांत 'काठीभर जमिनी'चा उल्लेख येतो. ही काठी आजच्या तीन फुटांची नव्हे. जमीन मोजण्याची काठी लांब असे. पुढे ती साडेसोळा फुटांवर स्थिर झाली. 'यार्डलँड' म्हणजे एका शेतकरी कुटुंबाची ठोकळ जमीन, साधारण ३० एकर, पण गावागणिक कमीजास्त. लॅटिन कागदपत्रांत हिलाच 'व्हर्गाटा' म्हणत. 'व्हर्गा' म्हणजे पुन्हा काठीच.

७/
कापड मोजण्यासाठी मात्र वेगळे माप होते. त्याला लॅटिनमध्ये 'उल्ना' आणि इंग्रजीत 'एल' म्हणत. मूळ अर्थ हाताचे कोपरापुढचे हाड. म्हणजे आपल्या 'हात' या मापाचाच सख्खा शेजारी. बाराव्या शतकातील इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी लिहितो, की राजा पहिला हेन्री याने व्यापाऱ्यांची खोटी मापे सुधारण्यासाठी स्वतःच्या बाहूची लांबी प्रमाण ठरवून सगळ्या इंग्लंडवर लागू केली.

८/
नाकाच्या शेंड्यापासून पसरलेल्या अंगठ्यापर्यंत राजाने माप घेतले, ही रंगतदार आवृत्ती नंतरच्या काळात जोडली गेली. पण तपशील बाजूला ठेवला तरी कथेचा गाभा महत्त्वाचा आहे. व्यापारी आखूड मापाने कापड विकत होते. ग्राहक फसत होता. आणि भांडण मिटवायला राजाला आपले शरीर पुढे करावे लागले. माप हा गणिताचा विषय होण्याआधी न्यायाचा विषय होता.

९/
म्हणूनच १२१५ च्या मॅग्ना कार्टात मापांचे एक कलम आहे. सरदारांनी राजा जॉनकडून जे हक्क लिहून घेतले, त्यांत दारू, धान्य आणि कापड यांसाठी साऱ्या राज्यात एकच माप असावे, ही मागणी होती. रंगीत कापडाची रुंदी काठांच्या आत दोन एल असावी, इतका बारकावा त्या सनदेत आहे. राजसत्तेला वेसण घालणाऱ्या दस्तऐवजात कापडाचा पन्हा यावा, यावरून सामान्य माणसाला काय सलत होते ते कळते.

१०/
तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळातील एका इंग्रज नियमपत्रात मापांची शिडी लिहून ठेवलेली सापडते. जवाचे तीन सुके दाणे म्हणजे एक इंच; बारा इंच म्हणजे एक फूट; तीन फूट म्हणजे एक उल्ना; साडेपाच उल्ना म्हणजे जमिनीची एक काठी; आणि ४० काठ्या लांब व ४ काठ्या रुंद तुकडा म्हणजे एक एकर. लॅटिनमधील हीच उल्ना पुढे बोलभाषेत 'यार्ड' झाली. साडेसोळा फुटांच्या काठीचे नाव तीन फुटांच्या काठीला मिळाले.

११/
दाण्यापासून मोजायला सुरुवात करणे आपल्याकडेही परके नव्हते. प्राचीन भारतीय ग्रंथांत यव, अंगुल, वितस्ती, हस्त, दंड अशी चढती मापे आहेत. यव म्हणजे जवच, वितस्ती म्हणजे वीत, हस्त म्हणजे हात. आणि दंड? दंड म्हणजे काठी. दंड म्हणजे शिक्षाही. मापणारी काठी आणि मारणारी काठी यांना संस्कृतने एकच शब्द दिला, हे पुढची हकीकत वाचताना ध्यानात ठेवावे.

१२/
इंग्लंडच्या कापडबाजारात आणखी एक रीत होती. व्यापारी यार्डभर कापड मोजताना शेवटी मूठ ठेवत आणि तेवढे कापड वर देत. आपल्या बाजारातल्या 'वरकडी'सारखाच हा प्रकार. पण मूठ कोणाची? लहान मुठीचा आणि मोठ्या मुठीचा हिशेब एक कसा होणार? १४३९ मध्ये कायदा झाला, की कापड 'यार्ड आणि एक इंच' या मापानेच मोजावे, 'यार्ड आणि एक मूठ' या मापाने नव्हे. उदारपणाचेही माप ठरवावे लागले.

१३/
प्रमाण माप एकदा ठरले, की ते कुठेतरी जपून ठेवावे लागते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातील १५८८ ची धातूची यार्डपट्टी सरकारी खजिन्यात जपलेली होती आणि दोन शतकांहून अधिक काळ तिच्यावरून इतर पट्ट्या तपासल्या जात. एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ फ्रान्सिस बेली याने ती पाहिली, तेव्हा ती कधीतरी मोडून सांधलेली होती. चुलीतली निखारे ढोसायची सळई जरा कानसून घेतली तरी इतकेच अचूक माप मिळेल, अशा अर्थाची त्याची थट्टा प्रसिद्ध आहे.

१४/
इंग्रज संसदेने १८२४ मध्ये जॉन बर्ड या कारागिराने १७६० साली बनवलेली पितळी पट्टी अधिकृत 'इम्पीरियल यार्ड' ठरवली. पट्टीवर सोन्याच्या दोन बारीक खुंट्या होत्या, त्यांवरील ठिपक्यांमधले अंतर म्हणजे एक यार्ड. कायदा करणारे दूरदर्शी होते. पट्टी हरवली तर काय, याचीही तरतूद त्यांनी केली. लंडनच्या अक्षांशावर, समुद्रसपाटीला, निर्वातात, एका सेकंदाचा झोका घेणाऱ्या लंबकाची लांबी ३९.१३९३ इंच असते. त्यावरून यार्ड पुन्हा घडवावा, असे कायद्यातच लिहिले.

१५/
दहा वर्षांतच त्या तरतुदीची गरज पडली, आणि तीही एका विलक्षण योगायोगाने. इंग्लंडच्या खजिन्यात मध्ययुगापासून पैशांचा हिशेब लाकडी काठ्यांवर खाचा पाडून ठेवत. काठी उभी चिरून एक अर्धुक सरकारकडे आणि एक रक्कम देणाऱ्याकडे राही. दोन्ही जुळले की हिशेब खरा. १८२६ मध्ये ही पद्धत संपली, पण जुन्या काठ्यांचे ढीग वेस्टमिन्स्टरला पडून होते.

१६/
१६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या काठ्या हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. दिवसभर भट्ट्या पेटत राहिल्या, धुराडी तापली आणि संध्याकाळी संसदभवनाने पेट घेतला. रात्रीतून दोन्ही सभागृहे गेली. त्याच आगीत प्रमाण यार्डाची पट्टी मोजमापाला कायमची निकामी झाली. पैसे मोजणाऱ्या काठ्यांनी लांबी मोजणारी काठी जाळली.

१७/
मग लंबकाकडे वळायचे? शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली; जॉर्ज एअरी तिचा प्रमुख होता. तोवर लक्षात आले होते, की १८२४ च्या लंबकाच्या आकड्यातच चुका आहेत. हवेच्या परिणामाची वजावट अपुरी होती. निसर्गावरून माप पुन्हा मिळवण्याचा मार्ग कायद्यात होता, पण तो विश्वासार्ह नव्हता. समितीने १८४१ मध्ये सल्ला दिला: जुन्या पट्टीशी पूर्वी ताडून पाहिलेल्या ज्या नकला हयात आहेत, त्यांच्यावरूनच नवा यार्ड घडवावा.

१८/
बेलीने काम हाती घेतले. १८४४ मध्ये तो वारला. मग रिचर्ड शीपशँक्स याने अनेक वर्षे तळघरासारख्या स्थिर तापमानाच्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून रेघा जुळवण्यात घालवली. तांबे, कथील आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या ३८ इंची पट्ट्या, त्यांत बसवलेल्या सोन्याच्या खुंट्या, त्यांवर केसाहून बारीक रेघा. १८५५ मध्ये हा यार्ड कायदेशीर झाला आणि त्याच वर्षी शीपशँक्सही गेला.

१९/
या वेळी सरकारने शहाणपण दाखवले. एकाच ठिकाणी सगळे ठेवण्याची चूक पुन्हा केली नाही. नकला टांकसाळीत, रॉयल सोसायटीत आणि ग्रिनिच वेधशाळेत ठेवल्या; एक तर नव्या संसदभवनाच्या भिंतीतच चिणून टाकली. ग्रिनिच वेधशाळेच्या फाटकाबाहेर आणि ट्रफाल्गर चौकात सार्वजनिक मापे बसवली गेली, म्हणजे कोणीही येऊन आपली पट्टी ताडून पाहावी. राजाच्या बाहूपासून रस्त्यावरच्या भिंतीपर्यंत माप यायला साडेसातशे वर्षे लागली.

२०/
आता हा यार्ड भारतात कसा आला ते पाहू. तो आला तेव्हा इथे मापांची पोकळी नव्हती. उलट गर्दी होती. अकबराच्या काळात इलाही गज ४१ अंगुळांचा ठरवला गेला होता. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त एक मार्मिक नोंद आहे. जमीन पूर्वी तागाच्या दोरीने मोजत. दोरी ओली झाली की आखडते, वाळली की सैल होते. मोजणीदार याचा फायदा घेत. म्हणून बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडून नवी जरीब बनवली गेली. दोरी आखडली की तेच शेत कागदावर मोठे होई आणि सारा वाढे.

२१/
शिवकालीन महाराष्ट्रात जमीन काठीने मोजली जाई. सभासद बखरीत त्या काठीचे माप दिलेले आहे: पाच हात आणि पाच मुठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. १२० बिघ्यांचा एक चावर. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या जमीनपाहणीशी ही पद्धत जोडलेली आहे. 'पाच मुठी'चा हा तपशील वाचताना लंडनच्या कापडव्यापाऱ्याची मूठ आठवते. फरक एवढाच, की इथे मूठ आधीच मापात धरलेली होती. ती मोजणाऱ्याच्या मर्जीवर नव्हती.

२२/
इंग्रजांनी प्रांताप्रांतांत जे गज पाहिले, ते एकमेकांशी जुळत नव्हते. मुंबईकडचा गज २७ इंच, बंगालकडचा ३६ इंच. पश्चिमोत्तर प्रांतात इलाही गजाची खरी लांबी किती, यावर बराच खल झाला आणि अखेर ती ३३ इंच ठरवली गेली. हा आकडा पुरातत्त्वापेक्षा हिशेबाला सोयीचा होता. ३३ इंची गजाने ३६०० चौरस गजांचा बिघा नेमका ३०२५ चौरस यार्ड भरतो, म्हणजे एकराचे बरोबर पाच अष्टमांश. अकबराचा गज असा एकरात बसवला गेला.

२३/
एकर आणि यार्ड यांच्यामध्ये एक साखळी आहे. इंग्रज गणिती एडमंड गंटर याने १६२० मध्ये जमीनमोजणीची साखळी आखली: लांबी ६६ फूट, म्हणजे २२ यार्ड, कड्या १००. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, ८० साखळ्या म्हणजे एक मैल. जुन्या काठीचे ओबडधोबड मोजमाप आणि दशमान हिशेब यांची सांगड त्याने घातली. क्रिकेटच्या १७४४ च्या नियमांत खेळपट्टी २२ यार्डांची ठरली. सचिन तेंडुलकर ज्या पट्टीवर धावला, ती शेतमोजणीची एक साखळी होती.

२४/
दख्खनमध्ये पेशवाईनंतर कंपनी सरकारपुढे पहिला मोठा प्रश्न साऱ्याचा होता. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून प्रत्येक शेताच्या उत्पन्नाचा शास्त्रशुद्ध अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला. कागदावर पद्धत देखणी होती. प्रत्यक्षात मोजणी सदोष निघाली, आकारणी डोईजड झाली, आणि अनेक रयतांनी जमिनी टाकून दिल्या. माप चुकले तर काय होते, याचा हा धडा होता. इथे फसणारा कापडाचा ग्राहक नव्हता. गावच्या गावे होती.

२५/
१८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी सुरू केली. त्यातून पुढे मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी उभी राहिली. या मोजणीची साखळी गंटरच्या निम्मी होती: ३३ फूट, म्हणजे ११ यार्ड. तिचे सोळा भाग, आणि भागाला नाव आणा. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचे सोळा आणे. इंग्रजी लांबी मराठी हिशेबात अशी मुरली.

२६/
एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन म्हणजे गुंठा: ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, १२१ चौरस यार्ड. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असते. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर भरतो. पण बांधावरच्या भांडणात, सोयरिकीच्या बोलण्यात आणि प्लॉटच्या जाहिरातीत अजूनही गुंठाच चालतो. त्या प्रत्येक गुंठ्याच्या कडेला अकरा यार्ड उभे आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

२७/
कापडाच्या बाजारात मात्र मराठीने 'यार्ड' हा शब्द घेतला नाही. तिथे 'वार' चालला. हा वार कुठून आला? पोर्तुगीज भाषेत 'वारा' हे लांबीचे जुने माप आहे, आणि 'वार'चे नाते अभ्यासक त्याच्याशी जोडतात. लांबी दोन्हींची एक नाही. पोर्तुगीज वारा यार्डाहून मोठा होता. शब्द पोर्तुगीजांचा, लांबी इंग्रजांची, आणि कापड आपले. आणि 'वारा' या पोर्तुगीज शब्दाचा मूळ अर्थ? काठी.

२८/
'गज' या शब्दाचेही तसेच. मराठीत खिडकीला गज असतात, सारंगी गजाने वाजते आणि कापडही गजाने मोजत. लोखंडी सळई, वाद्याची काठी आणि लांबीचे माप एकाच शब्दात. यार्ड, व्हर्गा, दंड, काठी, वारा, गज: भाषा बदलली, प्रदेश बदलला, पण माप म्हणजे हातात धरलेली काठी, ही कल्पना कायम राहिली. 'डोलकाठी' म्हणणारा मराठी खलाशी आणि शिडाच्या आडव्या काठीला 'यार्ड' म्हणणारा इंग्रज खलाशी यांत फारसे अंतर नव्हते.

२९/
मुंबईच्या गोदीत तर दोन्ही यार्ड एकत्र आले. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. १८१३ च्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. १८१७ चे 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. म्हणजे यार्डात, म्हणजे आवारात, बांधलेल्या जहाजावर यार्ड, म्हणजे शिडाची काठी, चढे. आणि तिचे शीड यार्डाने, म्हणजे वाराने, मोजलेले असे.

३०/
आता नऊवारीकडे. हात म्हणजे ठोकळमानाने अर्धा वार. म्हणून अठरा हातांचे लुगडे म्हणजे नऊ वार, आजच्या मापाने सुमारे ८.२३ मीटर. इंग्रजीत 'द होल नाइन यार्ड्स' असा वाक्प्रचार आहे. अर्थ, काहीही न वगळता सगळे. तो नऊवारीवरून आला, असा दावा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतो. दावा गोड आहे, पण त्याला पुरावा नाही.

३१/
दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या बंदुकांचे काडतूसपट्टे नऊ यार्डांचे असत, ही अधिक लोकप्रिय कथाही टिकत नाही. कारण हा वाक्प्रचार त्याहून जुना आहे. १९०७ मध्ये इंडियाना राज्यातील वृत्तपत्रात 'पूर्ण नऊ यार्ड' असा प्रयोग सापडतो, आणि १९१२ मध्ये केंटकीत 'सगळे सहा यार्ड' असाही. सहाचे नऊ झाले, म्हणजे आकड्यामागे ठरावीक वस्तू नसावी. व्युत्पत्ती जितकी रंगतदार, तितका तिचा पुरावा आधी मागावा.

३२/
विसाव्या शतकात यार्डाची शेवटची परीक्षा झाली. अमेरिकेने १८९३ मध्येच आपला यार्ड मीटरवरून ठरवला होता. ब्रिटनचा यार्ड अजून धातूच्या पट्टीवर होता. दोन्हींतला फरक मीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. पण विमानांची इंजिने आणि सूक्ष्म यंत्रभाग यांच्या काळात तोही खटकू लागला. १ जुलै १९५९ पासून इंग्रजीभाषक देशांनी एकमताने ठरवले: एक यार्ड म्हणजे नेमके ०.९१४४ मीटर. त्या दिवसापासून यार्डाला स्वतःची काठी उरली नाही.

३३/
अमेरिकेने जमीनमोजणीपुरता आपला जुना फूट मात्र जपला. ५०० मैलांमागे दोहोंत सुमारे पाच फुटांचा फरक पडे. सीमा आणि नकाशे यांत गोंधळ नको म्हणून जपलेले हे माप अखेर गोंधळाचेच कारण झाले, आणि २०२२ अखेरीस तेही निवृत्त करण्यात आले. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि काही वर्षांतच दुकानांतून वार जाऊन मीटर आला.

३४/
तरी वार गेला कुठे? पाचवारी, सहावारी, नऊवारी या शब्दांत तो राहिला. गुंठ्याच्या कडेत राहिला. खेळपट्टीत राहिला. मापाची सक्ती उठली तरी ज्या गोष्टी माणसाने त्या मापात घडवल्या, त्या लगेच बदलत नाहीत. नऊ वारांचे लुगडे 'सव्वाआठ मीटरचे' म्हणून कोणी मागत नाही.

३५/
या सगळ्या प्रवासात एक प्रश्न सतत मागे उभा आहे: काठी कोणाच्या हातात? पहिल्या हेन्रीने ती व्यापाऱ्याच्या हातून काढून स्वतःकडे घेतली. मॅग्ना कार्टाने राजालाही तिच्याशी बांधले. ओल्या दोरीने मुघल रयतेचा सारा वाढवला, आणि बांबूच्या जरिबीने तो गैरप्रकार रोखायचा प्रयत्न झाला. सदोष मोजणीने दख्खनची गावे उठवली. ग्रिनिचच्या भिंतीवर माप बसले, तेव्हा ते पहिल्यांदा रस्त्यावरच्या माणसाला स्वतः तपासता आले.

३६/
जुन्या दस्तऐवजात 'गज', 'काठी', 'बिघा' किंवा 'यार्ड' दिसला, की इतिहासाच्या अभ्यासकाने लगेच मीटरमध्ये रूपांतर करून पुढे जाऊ नये. आधी विचारावे: हा कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, कापडाचा की जमिनीचा, आणि मोजणारा कोण होता? एकच शब्द एका काळी साडेसोळा फूट होता आणि दुसऱ्या काळी तीन. आकडा तोच राहून शेत बदलू शकते. लांबीच्या शब्दात लांबीपेक्षा अधिक काही लिहिलेले असते, ते वाचता आले म्हणजे कागद बोलू लागतो.

(धागा समाप्त)